धार-देवासच्या आकाशातलं कारंजं

देवासची हवा चांगली, ही ख्याती जुनी आहे. क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व १९४८ साली देवासला राहायला आले ते इथल्या कोरड्या हवेसाठी, आणि पुढे इथलेच झाले. धारचीही तीच गोष्ट. माळव्यात राहणारी आपली मराठी मंडळी पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना आजही अभिमानाने सांगतात, ‘आमच्याकडची हवा बघा!’

पण हवा म्हणताना आपल्या मनात असते ती जमिनीपासून फार तर ढगांपर्यंतची. या लेखात मला सांगायचं आहे ते त्याच्या कितीतरी वरच्या, ३०० ते ३५० किलोमीटर उंचीवरच्या हवेबद्दल. धार आणि देवासच्या डोक्यावर त्या उंचीवर जे चालतं, ते पृथ्वीवर फार थोड्या ठिकाणी चालतं. ते आपल्याला दिसत नाही, ऐकू येत नाही. पण मोबाईलवरचा नकाशा, इंदूरला उतरणारं विमान आणि शेताच्या बांधाची मोजणी या सगळ्यांत ते हात घालतं. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे आणि वाहनांचं ठिकाण दाखवणाऱ्या प्रणालींवर काम करतो, म्हणून या विषयाच्या वाटेला गेलो. नंतर मात्र कामापेक्षा कुतूहलच मोठं झालं.

आकाशाचे मजले

आपण राहतो तो तळमजला. ढग, पाऊस, वादळं सगळं इथेच. उष्ण कटिबंधात या मजल्याची उंची १६-१७ किलोमीटर असते, ध्रुवांकडे ती जेमतेम निम्मी. त्यावर साधारण ५० किलोमीटरपर्यंत ओझोनचा मजला, मग ८५ किलोमीटरच्या आसपासपर्यंत आणखी एक थंडगार मजला. त्याच्याही वर हवा इतकी विरळ होते की तिला हवा म्हणायला जीभ धजत नाही.

या विरळ हवेवर सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण थेट आदळतात आणि अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे करतात. असा विद्युतभारित कणांनी भरलेला थर म्हणजे आयनांबर. तो सुमारे ८० किलोमीटरपासून १००० किलोमीटरपर्यंत पसरलेला आहे. सर्वांत दाट भाग ३०० ते ४०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक जिथून फिरतं त्याच्या थोडा खाली. हा थर सूर्यावर जगतो. सूर्य उगवला की भरायला लागतो, मावळला की ओसरू लागतो. २२ जुलै २००९ च्या सकाळी खग्रास सूर्यग्रहणाची सावली आपल्या माळव्यावरून गेली, ते अनेकांना आठवत असेल. अशी सावली पडली की तेवढ्या वेळापुरते वरचे सुटे इलेक्ट्रॉनही कमी होतात.

या थराशी आपल्या घरांची ओळख जुनी आहे, फक्त नाव ठाऊक नव्हतं. दर बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला लागायची. कोलंबोहून निघालेली शॉर्टवेव्ह लहर सरळ रेषेत गेली असती तर पृथ्वीच्या गोलाईमुळे अवकाशात निघून गेली असती. ती देवासच्या माजघरापर्यंत पोचायची, कारण आयनांबर तिला आरशासारखं खाली परतवायचं. मधूनच आवाज लांब जायचा, पुन्हा जवळ यायचा. तो दोष बिचाऱ्या रेडिओचा नसायचा, वरचा आरसाच हलत असायचा.

केरळात उसळतं, माळव्यात उतरतं

आता खरी गंमत. आयनांबर सूर्यामुळे बनतं, तर ते विषुववृत्तावर सर्वांत दाट असायला हवं. प्रत्यक्षात तसं नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ एडवर्ड अ‍ॅपलटन यांनी १९४६ साली दाखवून दिलं की चुंबकीय विषुववृत्तावर खळगा आहे आणि त्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला, १५ ते २० अंशांवर, दोन उंचवटे आहेत. त्याच सुमारास कोलकात्याचे शिशिर कुमार मित्रा यांनी याचा संबंध पृथ्वीच्या चुंबकीय रेषांशी जोडला. मित्रांचा वरच्या वातावरणावरचा १९४७ चा ग्रंथ पुढे जगभरच्या अभ्यासकांनी वापरला.

हे घडतं कसं? चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. तिथे पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जमिनीला समांतर, दक्षिणोत्तर असतात. दिवसा तिथल्या वरच्या हवेत पूर्वेकडे रोख असलेलं विद्युत क्षेत्र तयार होतं. या दोहोंच्या जोरावर भारित कण सरळ वर उचलले जातात, कितीतरी शे किलोमीटर. वर गेल्यावर ते चुंबकीय रेषांच्या कमानीवरून दोन्ही बाजूंना घसरत खाली येतात. लहान मूल घसरगुंडीवरून येतं तसे! बागेतल्या कारंज्यात पाणी मधून उसळतं आणि कडेला पडतं, तसंच हे कारंजं. दक्षिणेची धार हिंदी महासागरावर पडते. उत्तरेची धार अहमदाबाद, इंदूर, भोपाळ, कोलकाता या पट्ट्यावर. केरळच्या टोकावर उसळलेलं हे कारंजं सुमारे १६०० किलोमीटर उत्तरेला आपल्या डोक्यावर उतरतं. धार साधारण २२.६ अंश उत्तरेला, देवास जवळजवळ २३ अंशांवर. दोन्ही गावं कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला, म्हणजे उष्ण कटिबंधाच्या अगदी उंबऱ्यावर आणि या उंचवट्याच्या बरोबर खाली.

त्या उसळण्याच्या जागेजवळ असलेलं गाव म्हणजे तिरुवनंतपुरमजवळचं थुंबा. भारताचं पहिलं अग्निबाण केंद्र तिथे काढलं गेलं, कारण हे वरचं वातावरण समजून घ्यायचं होतं. जागा निवडण्याच्या कामात कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी पहिला अग्निबाण उडाला, त्याची उलटी गणती पुण्यात जन्मलेल्या प्रमोद काळे यांनी केली. त्या अग्निबाणाने आकाशात सोडियमची वाफ सोडली आणि तिचा केशरी ढग वरचे वारे कसा वाहून नेतात ते जमिनीवरून पाहिलं गेलं. आपण तो प्रसंग ‘अवकाश युगाची सुरुवात’ म्हणून साजरा करतो. त्या संध्याकाळचा खरा प्रश्न मात्र हवेचाच होता.

५०४०० हा आकडा

आता माझ्या कामाकडे येतो. जीपीएसचा उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवतो. तो पोचायला किती वेळ लागला, त्यावरून आपला मोबाईल अंतर काढतो. चार किंवा अधिक उपग्रहांची अंतरं मिळाली की आपलं ठिकाण ठरतं. हा संदेश आयनांबरातून आरपार येतो, पण येताना त्याला थोडा उशीर होतो. वाटेत इलेक्ट्रॉन जितके जास्त तितका उशीर जास्त. एक चौरस मीटर जाडीचा उभा खांब कल्पनेने उभा केला आणि त्यात एकावर सोळा शून्यं इतके इलेक्ट्रॉन भरले, तर नेहमीच्या जीपीएस लहरीवर १६ सेंटिमीटरची चूक येते. सूर्य जोमात असलेल्या वर्षांत, दुपारी, आपल्या पट्ट्यावर असे १०० एकक सहज भरतात. म्हणजे १६ मीटर, तेही उपग्रह बरोबर डोक्यावर असताना. तो क्षितिजाकडे झुकलेला असेल तर याच्या अडीच-तीन पट. पहाटे हाच आकडा दीड मीटरच्या आसपास येतो.

ही चूक काढायला मोबाईलमध्ये एक सूत्र असतं. अमेरिकेच्या हवाई दलातल्या प्रयोगशाळेत काम करणारे जॉन क्लोबुचर यांनी ते १९७० च्या दशकात तयार केलं. उपग्रह फक्त आठ आकडे पाठवतो आणि त्यावरून सूत्र अंदाज बांधतं. मी पहिल्यांदा ते कोडमध्ये पाहिलं तेव्हा त्यातला ५०४०० हा आकडा डोळ्यात भरला. तो म्हणजे मध्यरात्रीपासूनचे सेकंद, १४ तास, दुपारचे दोन. सूत्र धरून चालतं की जगात सगळीकडे आयनांबर दुपारी दोनला शिगेला पोचतं आणि रात्रभर एकसारखं, दीड मीटरची चूक देणारं राहतं. एवढ्या सुटसुटीत सूत्राने सरासरी निम्मी चूक निघते, ही खरोखर मोठी कामगिरी आहे. पण मध्ये खळगा आणि दोन बाजूंना डोंगर, असा आकार त्यात नीट बसत नाही. युरोप-अमेरिकेच्या शांत आकाशाला शोभणारा अंगरखा आपल्या आकाशाच्या अंगाला होत नाही.

रस्त्यावरून गाडी चालवताना चार-पाच मीटर इकडेतिकडे झाले तर आपलं काही अडत नाही. नकाशा गाडीला आपोआप रस्त्यावर आणून बसवतो. अडतं ते जमिनीच्या बाबतीत.

बांधाची मोजणी

माझ्या काकांची धार जिल्ह्यात, बदनावरच्या बाजूला थोडी शेती आहे. २०२४ च्या दिवाळीत मी तिकडे होतो. सोयाबीन निघालं होतं, गव्हाची पेरणी व्हायची होती, आणि शेजाऱ्याशी बांधावरून जुनी कुरबुर होती. मोठं भांडण नव्हे. पण दर पावसाळ्यानंतर बांध कुणाच्या तरी बाजूला हातभर सरकतो, हे गावात राहिलेल्यांना सांगायला नको. शेवटी दोघांनी मिळून खासगी मोजणीवाला बोलावला. तो दुपारी दोनच्या सुमारास काठीवर बसवलेलं यंत्र घेऊन आला.

या यंत्राची युक्ती साधी आहे. ज्याचं ठिकाण अचूक माहीत आहे अशा जागी एक यंत्र ठेवायचं, दुसरं हातात घेऊन फिरायचं. दोघांच्या डोक्यावरचं आकाश सारखंच, म्हणून चूकही सारखी. एकातून दुसरं वजा केलं की चूक निघून जाते आणि दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत अचूक ठिकाण मिळतं. ते मिळालं की पडद्यावर ‘फिक्स’ असं येतं. नाही मिळालं तर ‘फ्लोट’.

त्या दुपारी ‘फ्लोट’ काही हटेना. एकाच दगडावर दोनदा काठी टेकवली, तर दोन उत्तरांत हातभराचा फरक. म्हणजे जेवढ्यासाठी भांडण होतं तेवढाच! मोजणीवाला शांतपणे म्हणाला, सकाळी आठला येतो, हल्ली दुपारी असंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तासाभरात काम झालं. तेच दगड दोनदा मोजले, आकडे जुळले. काका आणि शेजारी दोघांनी मान डोलावली आणि खुंटे ठोकले.

आयनांबर हा शब्द त्या माणसाने कधी ऐकला नसावा. पण त्याचं घड्याळाचं गणित आकाशाच्या गणिताशी अचूक जुळत होतं. कारंज्याच्या काठावर इलेक्ट्रॉनांचा चढ-उतार इतका तीव्र असतो की काही दहा किलोमीटर अंतरावरच्या दोन यंत्रांच्या डोक्यावरचं आकाश सारखं राहतच नाही. धार ते देवास सरळ रेषेत ९० किलोमीटरच्या आत अंतर आहे. युरोपात एवढ्या अंतरात आयनांबर सहसा फारसं बदलत नाही. इथे दुपारी बदलतं. मग वजाबाकीत चूक पूर्ण निघत नाही. त्यातून २०२४ हे सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्रातलं शिखराचं वर्ष.

हे एका काकांचं प्रकरण राहिलेलं नाही. गावठाणातल्या घरांची मालकी नोंदवणारी स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली. त्यात मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्ही पहिल्या राज्यांत होते. ड्रोनने मोजणी होते आणि तिच्यामागे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कायम चालू असणाऱ्या उपग्रह-केंद्रांचं जाळं आहे. घराची हद्द आता साखळीने नव्हे, आकाशातून ठरते. तेव्हा ते आकाश कसं आहे, हे माहीत असणं आलंच.

संध्याकाळचे बुडबुडे

दुपार सरली की सुटलो, असंही नाही. सूर्य मावळल्यावर आयनांबराचा खालचा भाग पटकन विरळ होतो, वरचा मात्र जड राहतो. तेलावर पाणी ओतलं तर जे होईल तेच वर होतं. हलकं खालून उसळी घेतं. चुंबकीय विषुववृत्तावर असे विरळ ‘बुडबुडे’ उठतात आणि शेकडो किलोमीटर वर चढतात. ते चुंबकीय रेषांना धरून लांबट होतात, म्हणून जितके उंच जातील तितकी त्यांची टोकं उत्तरेकडे पोचतात. सूर्य जोमात असला की ती माळव्यापर्यंत येतात. त्यातून जाताना उपग्रहाचा संदेश लुकलुकतो. तारे खालच्या हवेमुळे लुकलुकतात, तर हा वरच्या हवेमुळे. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे याचे मुख्य महिने. वेळ रात्री आठ ते मध्यरात्र.

हे बुडबुडे कॅमेऱ्याने टिपता येतात. सुमारे २५० किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचा एक मंद लाल प्रकाश रात्रभर तेवत असतो. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं केंद्र आहे. कोल्हापूरहून अशा सबंध आकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्याने या लाल प्रकाशात पूर्वेकडे सरकणारे काळे पट्टे वर्षानुवर्षं नोंदवले गेले आहेत. ते काळे पट्टे म्हणजेच बुडबुडे.

अलिबागवरून देवासचा अंदाज

याच संस्थेची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौर वादळाची नोंद तिथे आहे आणि जगभरचे अभ्यासक आजही ती काढून पाहतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवलं. लोखंडाचा खिळाही नसलेल्या इमारतीत ते आजपर्यंत चालू आहे.

तमिळनाडूतलं तिरुनेलवेली चुंबकीय विषुववृत्ताजवळ, अलिबाग त्यापासून दूर. दोन्हीकडच्या चुंबकीय नोंदींची वजाबाकी केली की विषुववृत्तावर १०० किलोमीटरच्या आसपास वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाचा जोर कळतो. कारंज्याचा पंप आज किती जोरात आहे, ते सांगणारा हा काटा. पंपाचा जोर सकाळी वाढला तर काही तासांनी आपल्याकडचा उंचवटा वाढतो. अलिबागच्या सकाळवरून देवासच्या दुपारचा अंदाज बांधता येतो, तो असा.

परदेशातून सूत्र आणून आपलं भागत नाही, हे विमानांच्या बाबतीत सर्वांत ठळक दिसलं. विमानांना उपग्रहांवरून अचूक वाट दाखवणारी ‘गगन’ ही यंत्रणा इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने उभारली, तेव्हा सर्वांत अवघड डोंगर आयनांबराचाच होता. नागपूर, अहमदाबाद, गोवा अशी देशभर १५ संदर्भ केंद्रं बसवून, आपल्या आकाशासाठी आपलं वेगळं प्रारूप तयार करावं लागलं. २१ एप्रिल २०१५ ला उतरण्याच्या मार्गदर्शनासाठी तिला प्रमाणपत्र मिळालं आणि एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगढला एक प्रवासी विमान तिच्या आधारे उतरलं. आपल्या नाविक उपग्रहांमध्येही हा विचार आहे. ते दोन वेगळ्या लहरींवर बोलतात आणि त्यातल्या वरच्या लहरीला आयनांबर साडेचार पट कमी अडवतं. दोघींच्या वेळेतला फरक पाहिला की वाटेत इलेक्ट्रॉन किती होते ते थेट कळतं. म्हणजे चूक हेच मोजमाप!

हे मोजमाप आता आपल्या दारातही होतं. धार आणि देवास यांच्या मधोमध म्हणावं अशा सिमरोलला आयआयटी इंदूर आहे. तिथले खगोल आणि अवकाश विभागाचे संशोधक जीपीएस आणि नाविकचे संदेश टिपून, सौर वादळांत आपल्या डोक्यावरच्या उंचवट्याचं काय होतं याचा अभ्यास करतात. तिथला रिसीव्हर चहूबाजूंचे उपग्रह पाहतो, त्यामुळे त्याच्या तिरक्या रेषा आयनांबराला जिथे छेदतात त्या जागा धार, देवास आणि त्याही पलीकडे पसरलेल्या असतात. ही सगळी आकडेवारी गोळा झाल्याशिवाय आपल्या गावासाठी चालणारं सूत्र कुणी लिहू शकणार नाही. आमच्या धंद्यात म्हणतात, आत कचरा टाकला तर बाहेर कचराच येतो. आकाशाचंही तेच.

घरी करून पाहण्यासारखं

मंडळातल्या मुलांसाठी एक सुचवतो. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच मोबाईलमध्ये दोन लहरी ऐकणारा जीपीएस असतो. उपग्रहांची माहिती दाखवणारं एखादं मोफत अ‍ॅप घ्या, गच्चीवर एक जागा ठरवून खडूने खूण करा. पहाटे, दुपारी दोनला आणि रात्री नऊला मोबाईल त्याच खुणेवर दहा मिनिटं ठेवून अक्षांश-रेखांश वहीत लिहा. महिनाभर करा. शेजारच्या इमारतींमुळेही आकडे हलतात, म्हणून जागा मोकळी हवी. ऑक्टोबरची वही आणि जूनची वही शेजारी ठेवून पाहा.

आणि मोठ्यांसाठी: शेताची, प्लॉटची, वडिलोपार्जित वाड्याची मोजणी या यंत्राने होणार असेल तर ती सकाळी ठेवा. संदर्भाचं यंत्र किती दूर आहे ते विचारा. ‘फिक्स’ आल्याशिवाय आकडा लिहू देऊ नका आणि तीच खूण दुसऱ्या वेळी पुन्हा मोजून घ्या. दोन्ही आकडे जुळले, तरच सही करा.